चाळीस शेरांचं मन

अडानी मी? मी? — ऐकलंत ना साहेब, दार उघडंच व्हतं — "काशीराम, तू अडानी, तू संस्थेची लाज घालवलीस" — अन् अकरा आठवडं माझ्या वहीवर न वाचता सही ठोकनारा, त्यो प्रिन्सिपल शहाना? ओरडतोय बघा अजून! ओरड म्हनावं! मी न्हाई येत आत! मला घंटा द्यायला ठेवलाय, बोलनी खायाला न्हाई! — साहेब, तुमी हलू नका. पारड्यात बसल्यावर हलायचं नसतं, दांडी फिरते. दोन्ही हातांनी साखळ्या धरा. तुमीच म्हनलात ना मघाशी, प्रयोग कसा करता ते दाखव, मंग दाखवतोय की. पाय वर घ्या. हां. वीतभरच वर हाय, घाबरायचं काम न्हाई. हे मनाचं वजन ठेवलं, हे दुसरं, ही पाच शेरी — न्हाई, जड झालं — तीन शेर. श्वास धरा. दोन मन तीन शेर. बुटांसकट. वहीत न्हाई लिहीत, भिऊ नका.

उतरायचंय? आत्ता तर बसलात. अन् एक सांगतो, मधीच उतरू बी नका. पलीकडं दोन मन लोखंड हाय. तुमी उतरलात की ते धाडकन खाली, अन् तुमचं रिकामं पारडं वर, थेट हनुवटीला. एका मास्तरचे दोन दात गेले तसे. आधी मी वजनं काढायची, मंग मानसानं उतरायचं, असा रूल हाय. काढतो की, काढतो. पन आधी ऐका. आतला ऐकत न्हाई, तुमी तरी ऐका. अन् मी मधी मधी तिकडं पान्यानं भरलेल्या दगडाच्या खानीकडं बघनार, त्याचा राग मानू नका. ते ताड दिसत्यात ना, त्यांच्या खाली दगडावर एक पांढरं दिसतंय बघा. शर्ट हाय. शर्टात मानूस हाय. हाय ना अजून? — हाय. ठीक.

तर मी काशीराम. ह्या मास्तरांच्या ट्रेनिंगचा शिपाई. घंटा माझी, पिन्याचं पानी माझं, हे ग्राउंड माझं. गाव मान तालुक्यात, सातारा जिल्हा. शाळा दोन बुकं, त्यातलं दुसरं अर्धं — मास्तरनं कान पिळला, मी मास्तरला ढकलला, संपली शाळा. म्हनून ह्या चौऱ्याऐंशी मास्तरांना रोज सकाळी हाफचड्डीत लायनीला उभं करताना पोटात जरा गार वाटायचं, खोटं कशाला बोलू. आता तुमी म्हनाल, ड्रिल शिपाई कशाला घेतोय? मला बी त्येच वाटलं! ड्रिलमास्तरनं पहिल्याच दिवशी उडी मारून दाखवली अन् गुडघा गेला. गेला तो गेलाच, दादरला बहिनीकडं पडून हाय. मंग कोन घेनार ड्रिल? घंटा कोन देतो? काशीराम. मंग काशीरामच एक-दोन बी म्हनंल. झालं!

अन् त्याच आठवड्यात तुमच्या शिक्षन खात्याचा कागद आला. तुमीच धाडलेला असनार, न्हाईतर तुमच्या शेजारच्या टेबलानं. बाळ कारकुनानं मला दोनदा वाचून दाखवला — नाव बाळ, वय पंचावन, मुलुंडहून येतो — कागदात असं, की ट्रेनिंगच्या मास्तरांची मनं अभ्यासानं जड व्हत्यात अशी तक्रार हाय, तरी रोज ड्रिल घ्यावी, अन् ड्रिलच्या आधी अन् ड्रिलच्या नंतर प्रत्येकाचं मन बघावं, हलकं झालं का जड झालं त्याची नोंद ठेवावी, अन् दर आठवड्याला कळवावं. बरोबर? मान हलवू नका, दांडी हलते, नुसतं हूं म्हना. तर हे काम कुनाचं? प्रिन्सिपल म्हनाले पद्मजाबाईंचं, त्या मनाचं शास्त्र शिकवत्यात. पद्मजाबाई म्हनाल्या ड्रिल माझा इषय न्हाई, सकाळी सातला मी घाटकोपरला असते. ड्रिलमास्तरचा तर गुडघाच न्हाई. बाळ कारकून म्हनला मी आलेलं लिहितो, बघत न्हाई. मंग समद्यांनी मिळून माझ्याकडं बघितलं. प्रिन्सिपल म्हनाले, काशीराम, समद्यांचं मन बघायचं, आधी अन् नंतर, वहीत मांडायचं. मी इचारलं, कशानं बघू? तर पानाचा तोबरा भरलेला, हात असा हलवला, म्हनाले, नजरेनं बघ, अंदाज घे.

नजरेनं! मी काय मापात मारनारा वानी-दुकानदार हाय? सरकारी काम अन् अंदाजानं? आमच्या गावात अंदाजानं माप दिलं म्हनून एकाला पिंपळाला बांधला व्हता, बांधनाऱ्यात मी पन व्हतो. आता बघा साहेब, तुमी शिकलेली मानसं, तुमच्यात मन म्हंजी छातीत काय असतं ते. आमच्यात मन म्हंजी चाळीस शेर. मन म्हनलं की मला जोंधळ्याचं पोतं दिसतं. ह्यात माझं काय चुकलं? हलकं का जड ते बघ म्हनाले का न्हाई? हलकं अन् जड कशाचं बघत्यात? मन! मी सरळ गेलो जयंतीशेठच्या लाकडाच्या वखारीत, ठेसनाजवळ, म्हनलं तुमचा मोठा काटा द्या, सरकारला पायजे. शेठ म्हनला, सू तोलवानूं छे? मी म्हनलं, मास्तर. त्यानं चष्मा वर केला. मंग म्हनला, ले जाव, पन एक ध्यानात ठेव, लाकूड श्वास घेत न्हाई, मानूस घेतो, काटा थरथरंल, श्वास धरायला लाव. शहाना मानूस. बैलगाडीत घालून आनला, ह्या चिंचेला टांगला. तुमी बसलाय त्या फळीवर ओंडके बसायचे.

पहिल्या दिवशी जे हसलेत मास्तर! एक घाटकोपरचा पोरगेला मास्तर हाय, तो म्हनला झकास, वाट लागली आता. एक म्हनला, काशीराम, माझं मन तर गावाकडंच राहिलंय. मी म्हनलं, जेवढं आनलंय तेवढं बसव. दुसरा म्हनला, माझं मन हितं लागत न्हाई — म्हनलं, लागतंय का न्हाई ते काटा सांगंल. तिसरा म्हनला, थांब, मन मोकळं करून येतो, मी म्हनलं झाडामागं जा. मला वाटलं ही मानसं साधं बोलत्यात. ती माझी चेष्टा करत व्हती, हे मला कळायला सात आठवडं गेले. पन चेष्टेत का हुईना, बसले समदे. चौऱ्याऐंशी मास्तर, आधी अन् नंतर, एकशे अडुसष्ट तोलनं रोज. मंग हातपाय मोडल्यावानी झालं, म्हनून आठवड्यातनं एकदाच ठेवलं, शनवारी. तासभर ड्रिल केली की घामानं प्रत्येकाचं पाव शेर, अर्धा शेर उतरायचंच. मी सांगायचो, बाळ कारकून मांडायचा — 'मन, अर्ध्या शेरानं हलकं.' त्याला मी एकदा इचारलं, बाळोबा, बरोबर हाय ना हे? तर म्हनला, काशीराम, बरोबर-चूक माझ्या टेबलावर येत न्हाई, पलीकडच्या टेबलावर जातं. अन् पलीकडं टेबलच न्हाई हो! पलीकडं खिडकी हाय!

पद्मजाबाईंनी एकदा इचारलं म्हनं, सर, हे शेर म्हंजे काय? प्रिन्सिपल म्हनाले, मोजायची नवीन पद्धत हाय, पाश्चात्त्य असावी. बाई नवीन लागलेल्या, त्यांनी वर्गाच्या भिंतीवर रंगीत खडूनं जिना काढला, उतरता. चौऱ्याऐंशी मास्तरांची मनं जिन्यानं खाली येत्यात. अन् चौथ्या आठवड्याला तुमचं पत्र आलं — तुमचंच ना? सही तुमची व्हती, मी आता सही वळखतो — की 'मनाच्या हलकेपणाची इतकी नेमकी नोंद' — बघा, पन न्हाई, 'पणा'ची, ऐकू आला ना माझा ण? तो सांगतो पुढं — 'इतकी नेमकी नोंद दुसऱ्या कुठल्याही संस्थेकडून आलेली नाही, अभिनंदन.' म्हंजी साहेब, तुमी बी न बघताच सही केलीत. हसू नका, दांडी हलते. न्हाई, हसला न्हाईत? मंग खोकला असंल.

— थांबा हं. हाय. बसलाय अजून. मघाशी पाय हिकडं व्हते, आता पान्याकडं केलेत.

ते मार्तंड मास्तर. आता त्यांचं सांगतो. ही सगळी गडबड एक बाजूला ठेवा, तो मानूस एक बाजूला. एकोनचाळीस वर्षांचा मानूस. कोकनात डोंगरातली शाळा, एकच मास्तर, चार यत्ता, पंधरा वर्षं चालवली. पावसात छप्पर गेलं तर मानूस देवळात शाळा भरवायचा. आता तुमचं सरकार म्हनलं, ट्रेनिंग न्हाई तुमाला, जा बोरीवलीला, न्हाईतर त्या जागी ट्रेनिंगवाला आनतो. आला बिचारा. आला तवा एक मन छत्तीस शेर — भरलेला गडी, मान अशी. अन् हितं काय? सकाळी हाफचड्डी. त्याच्या पोटऱ्यांवर केस पांढरे झालेत हो, अन् बाजूला वीस-वीस वर्षांची पोरं हसत्यात. मंग पाठ. पाठ म्हंजी खऱ्या पोरांच्या वर्गात जाऊन शिकवून दाखवायचं, मागं एक परीक्षक बसतो, त्यो बी मार्तंड मास्तरपेक्षा बारा वर्षांनी लहान, अन् लाल शाईनं शेरा लिहितो. मार्तंड मास्तर पाठाला गेले, तक्ता टांगला, पोरांकडं बघितलं, अन् सवयीनं जाऊन पोरांच्यात खाली बसले. मांडी घालून. पंधरा वर्षं तसंच शिकवलंय ना, जमिनीवर, पाटीवर हात धरून. शेरा काय? 'शिक्षक खाली बसले.' दुसऱ्या पाठाला उभं राहायचं ठरवून गेले, एका पोराला ग येईना, बसले खाली. 'शिक्षक पुन्हा खाली बसले.' माझे शेर वायले अन् ह्यांचे शेरे वायले साहेब, पन सांगतो तुमाला, माझ्या वहीत दिसतंय — दर शेऱ्याला तो मानूस चार-चार शेर उतरलाय. जेवन बंद. ताट घेतो, मेसच्या मागं जातो, भात कावळ्यांना. हितले कावळे बघितलेत? उडत न्हाईत, चालत्यात.

अन् हितं काय झालं? सहाव्या आठवड्याला मार्तंड मास्तर एक मन अठ्ठावीस शेर. समद्यात जास्त उतार! प्रिन्सिपलनं भिंतीवर त्यांचं नाव वर लिवलं, फळ्यावर खडूचं फूल काढलं, टाळ्या वाजवल्या — सगळ्यात हलकं मन, मार्तंड मास्तर, पहिला नंबर! आदर्श घ्या! तो मानूस उभा, चड्डी कमरेला सुतळीनं बांधलेली, सुटत व्हती म्हनून, अन् लोक टाळ्या वाजवत्यात. पुढं दोन-तीन आठवड्यांनी त्यानं घरी कार्ड लिवलं. कार्ड टाकायला माझ्याकडंच येत्यात. उघडं असतं, वाचायचं नसतं, पन आता मला वाचता येतं तर डोळे काय झाकून घेऊ? 'सौ. रुक्मिणीस, इथे माझा पहिला नंबर आला आहे.' कशात ते न्हाई लिवलं.

कसं वाचता येतं? तेच सांगतोय. ह्या खाली वाका — न्हाई, वाकू नका! — ते चिंचेच्या बुंध्यावर कोळशानं काय लिवलंय दिसतं का? ण. बाजूला न. ते माझ्या हातचं हाय. सातव्या आठवड्याला गावाहून पत्र आलं, पोस्टमननं वाचलं, हरन्या गेला. बैल माझा. अकरा वर्षांचा. पत्रात दीड ओळ — 'हरन्या बुधवारी गेला, बाकी सगळे खुशाल.' पोस्टमन गेला. मला काय सुचंना. छाती अशी झालती, जशी कुनी वर चक्की ठेवलीय. ग्राउंडवर कुनी नव्हतं. मला वाटलं, आपन समद्यांचं बघतो, आपलं कोन बघनार? हितंच बसलो, तुमी बसलाय तिथं. वजनं काठीनं ढकलून ढकलून ठेवली. एक मन तीस शेर. आदल्या शनवारी काटा तपासायला बसलो व्हतो, तवा बी तेवढंच. गुंजभर फरक न्हाई! मी परत तोललं. तेवढंच! मला असा संताप आला, मी काट्याला लाथ घातली, जयंतीशेठला शिव्या दिल्या, खोटा काटा दिला म्हनून, अन् — अन् डोळ्यांतनं पानी यायला लागलं, कशाचं कुनास ठाऊक, लाथ मारताना अंगठ्याला लागलं व्हतं.

मार्तंड मास्तर मागं उभे. कवा आले कळलं न्हाई, पाऊलच वाजत न्हाई आता त्यांचं. मी म्हनलं, मास्तर, काटा खोटा हाय, माझं मन आज जड झालंय, दाखवत न्हाई. ते हसले न्हाईत. पहिला मानूस जो हसला न्हाई. म्हनाले, काशीराम, तुमचा तालुका कुठला? मी म्हनलं मान. म्हनाले, लिहून दाखवा. मला कुठं येतंय! मंग ते खाली बसले. मांडी घालून, मातीत, हाफचड्डीत — शेरा लिवायला कुनी नव्हतं. काटकी घेतली. म्हनाले, हे बघा, वर दांडी. दांडीला लोंबकळतंय ते पारडं. बाजूला खांब. झाला ण. तुमच्या तालुक्यातला ण, जोंधळ्याच्या मणातला ण. ह्यात पारडं हाय, म्हनून हे तोलता येतं. आता हा न बघा. खांब हाय, दांडी हाय, मधी नुसती गाठ हाय. पारडं कुठंय? शोधा. मी शोधलं साहेब. वाकून शोधलं. पारडंच न्हाई! म्हनाले, तुमचं आज जे जड झालंय ना, ते ह्या न-वालं. ह्याला काट्यावर कसं बसवनार?

बेचाळीस वर्षांचा मी ठोंब्या. दोन मास्तरांनी हात टेकले व्हते, एकाला तर मी ढकलला. ह्या मानसानं बसल्या बैठकीला ण शिकवला, त्यामागं रोज चार-चार अक्षरं, अन् त्याबरोबर बैलासाठी रडायला जागा करून दिली. अन् त्याचा शेरा — 'शिक्षक खाली बसले.' खाली बसला न्हाईतर काय ताडावर चढून शिकवायचं व्हतं मला?

मंग माझ्या डोस्क्यात उजेड पडला. आई शपथ! म्हंजी चौऱ्याऐंशी मानसांचं, सात आठवडं, सरकारी वहीत, मी — हां. अन् मार्तंड मास्तरांना पहिल्या दिवसापासनं ठाऊक व्हतं! बसायचे पारड्यात गप, श्वास धरायचे. मी म्हनलं, मास्तर, आधी का न्हाई बोललात? म्हनाले, तुम्ही इतकं मन लावून करत होता. कुठलं मन ते मी इचारलं न्हाई.

— हाय ना? मला ऊन लागतंय डोळ्यावर. हाय. मान खाली घातलीय. ठीक हाय, हाय तर.

आता जे सांगतो ते आतल्याला ठाऊक न्हाई, अन् तुमाला बी सांगायचं नव्हतं. पन आता निघालंच तोंडातनं तर निघू दे. मी ठरवलं, ह्या मानसाचं उतरनं थांबवायचं. म्हंजी, भात तर तो खाईना, मंग वहीत थांबवायचं. दर शनवारी त्याच्या फळीखाली मी खानीतला दगड बांधायचो, दोन शेराचा, मंग चार शेराचा. तारेनं. दिसायचा न्हाई. म्हनलं, नंबर गेला की टाळ्या बंद, टाळ्या बंद झाल्या की मानूस सुटंल. तर नवव्या आठवड्याला वहीत मार्तंड मास्तर एक मन तीस शेर. वाढले! अन् प्रिन्सिपल — आयुष्यात पहिल्यांदा वही वाचली त्यानं, नेमकी त्याच दिवशी! — धावत बाहेर आला, अरे, आपला पहिला नंबर, ह्याचं मन भारी व्हायला लागलं! खात्याला काय तोंड दाखवू? ड्रिल वाढवा ह्याची! रोज ग्राउंडला दहा चकरा जास्त, उजाडायच्या आधी! अन् त्या चकरा घालायला लावायला कोन? मी. शिट्टी माझ्या तोंडात. अन् तो मानूस उपाशी पोटी पळतोय हो, सुतळी धरून. दगडाचं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, हे त्याला ठाऊक. वाकून त्यानं तार बघितली व्हती. ती तशीच ऱ्हावू दिली. पळाला. दहा चकरा. चौदा दिवस. मी शिट्टी वाजवली साहेब. वाजवली. बघा हिकडं, माझ्याकडं बघा, वाजवली म्हनतोय मी!

... पान्याचा तांब्या तिकडं हाय, पन तुमाला न्हाई देता येत, तुमी वर हाय. मीच पितो.

आज सकाळी तिसरा पाठ झाला. बसले. बसनारच! एक पोरगी रडत व्हती पाटी फुटली म्हनून, तिच्याजवळ बसले. लाल शेरा. उद्या शेवटचा पाठ, उद्या बसले तर नापास, नापास म्हंजी त्या डोंगरातल्या शाळेत दुसरा मास्तर. अन् वरनं चार वाजता तुमच्यासमोर भाषन करायचं, 'व्यायामाने माझे मन कसे हलके झाले.' मी गेलो सरळ हापिसात. सगळं सांगितलं — दगडाचं सोडून. मन अन् मण, ण अन् न, सगळं. म्हनलं, मानूस मरंल, ड्रिल बंद करा, भाषन बंद करा. तर प्रिन्सिपलचा चेहरा असा झाला जसा तुमचा आत्ता हाय. मंग म्हनला, काशीराम, आता अकरा आठवडं गेलेत, खात्यानं अभिनंदन केलंय, आता मन म्हंजी वजनच. खात्याला तसंच ठरवू दे. म्हंजी चूक माझी, अन् आता ती सरकारची पद्धत! अन् तुला अडानी म्हनून कोन इचारतो, गप बस, चारला मार्तंडला पारड्यात बसव. मंग मी जरा — टेबल जरासं उचललं. आपटलं न्हाई. उचलून ठेवलं. दौत आपली आपन पडली. तेवढ्यात तुमी आलात.

हापिसात जायच्या आधी मी गेलो व्हतो खानीवर. साडेबाराला. जेवनाची घंटा दिली अन् गेलो. म्हनलं, मास्तर चला, आज पिठलं हाय. म्हनाले, काशीराम, तुम्ही जा, तुमची घंटा चुकेल. म्हनलं, मास्तर, हितं बसू नका, पानी खोल हाय. म्हनाले, मी कुठेही बसलो तरी चूकच ना. असं म्हनाले. हसून म्हनाले. तवापासनं माझी नजर काट्यावर ठरत न्हाई, म्हनून तुमचं वजन मी शेरानं चुकवलेलं असनार. माझं ऐकत न्हाईत ते. मी कोन? शिट्टी. त्यांना खात्याचाच मानूस पायजे. ज्या तोंडानं शेरा येतो त्याच तोंडातनं ऐकायचंय त्यांना.

घड्याळ काय बघता? चार वाजायला अवकाश हाय. न्हाई, प्रिन्सिपल येत न्हाई तुमाला सोडवायला, तो सदऱ्यावरची शाई धुतोय. अन् वही नंतर न्या, जाळा, तुमच्या खात्यात फ्रेम करून लावा, मला काय करायचंय. नये पैसे आले, आता म्हनं वजनं बी बदलनार, किलो येनार, सरकार मनच बंद करनार. करा बंद. माझी नोकरी घ्यायची तर घ्या, बैल बी न्हाई आता, मोकळा हाय.

हे बघा. हे काढलं एक मन. साखळी धरून ऱ्हावा, हळूहळू खाली याल. हे काढलं दुसरं. तीन शेर ऱ्हावू द्यात, तेवढ्यानं कुनी उडत न्हाई. टेकले पाय? दोन्ही? मंग उभं ऱ्हावा. छत्री हितं ठेवा, पिशवी हितं. पेन खिशातच असू द्यात. ह्या पायवाटेनं सरळ जायचं, ताडापर्यंत. त्यांच्याशी उभं राहून बोलायचं न्हाई. शेजारी जायचं अन् खाली बसायचं. दगडावर, पँट मळली तर मळली. मांडी घालून. मंग सांगायचं, की खाली बसायचं ते बरोबर हाय, अन् उद्या परीक्षकाच्या जागी मी मागं बसनार हाय, तुमी बसा. अन् संगं घेऊन मेसमधी यायचं. मी पिठलं गरम करतो, दोन ताटं वाढतो.

बघता काय माझ्याकडं? जा.